प्रकटीकरणाचा वर्ग घ्यायचाय, पण धास्ती वाटते

पत्र:

प्रिय ताई, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद आहे, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यापासून शनिवारचा बायबल क्लास माझ्याकडे सोपवलाय आणि विषय दिलाय प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून झोप उडालीय. क्लासमधला एक तरुण रोज ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. अमुक महिन्यात मंडळी उचलली जाणार, इस्राएलच्या युद्धावरून सगळं सिद्ध होतंय, असं त्यात असतं. ते ऐकून आमच्या एका विधवा मावशींनी रेशन दुकानात अंगठा द्यायचं बंद केलंय. उजव्या हातावरची श्वापदाची खूण ती हीच, असं त्यांच्या मनाने घेतलंय. दोन महिने धान्य उचललेलं नाही. माझी बारावीतली मुलगी परवा म्हणाली, "येशू येणारच आहे, तर नीटची तयारी कशाला?" ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल तर क्लासमध्येच तीन मतं आहेत. त्यातलं कुठलं शिकवू? की पाळकसाहेबांना सरळ नाही म्हणू?

उत्तर:

प्रिय भगिनी,

नाही म्हणू नका. तुम्ही हा वर्ग घेतला नाही म्हणून तुमच्या मंडळीत प्रकटीकरण शिकवलं जायचं थांबणार नाही. ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शिकवलं जातंय आणि मावशींचं धान्य त्या शिकवणीनेच अडवलंय. झोप उडाली याचंही मला बरंच वाटलं. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असं याकोब लिहितो. ज्याला या पुस्तकापुढे धास्ती वाटत नाही, त्याच्या हाती ते द्यायला मी कचरेन.

पण वर्ग सुरू व्हायच्या आधी एक काम करा. याच आठवड्यात मावशींच्या घरी जा. जाताना थोडे गहू-तांदूळ घेऊन जा, वाद मात्र नेऊ नका. चहा झाला की दोघींनी मिळून प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय मोठ्याने वाचा आणि शेवटच्या वचनाशी थांबू नका. चौदाव्याचं पहिलं वचन तसंच पुढे वाचा. अध्यायांचे आकडे हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाने घातलेले नाहीत, ते फार नंतरचे. त्याच्या लिखाणात श्वापदाच्या खुणेनंतर लगेच कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभे असलेले लोक येतात, आणि त्यांच्याही कपाळावर नाव आहे, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं. सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारलेला आहेच. मग जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. देवाची वचनं हाताला बांध, डोळ्यांच्या मधोमध असू दे, असं मोशे इस्राएलाला सांगतो. हात आणि कपाळ ही जागा योहानाने तिथूनच उचललीय. हाताने माणूस काय करतो आणि मनात कोणाला मानतो, हा तिथला प्रश्न आहे. तेराव्या अध्यायात उपासनेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. श्वापदाला नमन करणाऱ्यालाच ती खूण मिळते. नकळत, फसवून, धान्याच्या रांगेत कोणी ख्रिस्ताला नाकारून बसत नाही. मावशींनी ख्रिस्ताला नाकारलेलं नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या. त्यांच्या कपाळावर कोणाचं नाव आहे ते त्यांना विचारा. त्यांचं उत्तर तयार असेल.

एवढं करूनही त्या अंगठा द्यायला तयार झाल्या नाहीत, तर बळजबरी नको. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच दुबळ्या झालेल्या मनासाठी आहे. तोवर मंडळीने त्यांच्या घरी धान्य पोचवावं, आणि पंचकमिटीला ते तुम्ही सांगावं.

आता वर्गाबद्दल. माझं एकच म्हणणं आहे आणि बाकी सगळं त्यातून निघतं: हे पुस्तक ज्यांना पहिल्यांदा वाचून दाखवलं, त्यांच्यापासून सुरुवात करा. बहुतेक भविष्यवादी व्याख्याते आजच्या वर्तमानपत्रापासून सुरुवात करतात आणि मग त्याला जुळणारं वचन शोधतात. तुम्ही आशियातल्या सात मंडळ्यांपासून सुरुवात करा. पहिले तीन-चार शनिवार पहिल्या तीन अध्यायांवरच घालवा, कोणी कितीही घाई केली तरी.

एक नकाशा टांगा. आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागाचा, शेजारी समुद्रात पात्म बेट, जिथे योहानाला दर्शन झालं. इफिसपासून निघून उत्तरेला स्मुर्णा, पर्गम, मग आत वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. पत्र घेऊन निघालेला माणूस याच क्रमाने गावोगाव पोचला असता. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस सांगतो की हे दर्शन रोमी बादशहा दोमितियानाच्या कारकिर्दीच्या अखेरीस झालं, म्हणजे इसवी सन ९५च्या आसपास. काही अभ्यासक ते नीरोच्या काळाजवळ नेतात. काहीही धरलं तरी ऐकणारी माणसं तीच राहतात. पर्गमला ऑगस्टस आणि रोमा देवतेचं मंदिर इसवी सनापूर्वी २९ मध्ये उभारायला परवानगी मिळाली होती. इफिसला दोमितियानाच्या काळात बादशहांच्या घराण्याचं मोठं मंदिर उभं राहिलं. थुवतीरेसारख्या गावात कारागिरांचे संघ होते आणि संघाच्या जेवणावळी देवळात, मूर्तीला वाहिलेल्या मांसाच्या. तिथे बसायला नकार दिला की धंदा बसला. खूण नसलेल्याला विकत घेता येणार नाही आणि विकता येणार नाही, हे तेराव्या अध्यायातलं वाक्य त्या रंगाऱ्याने आणि तांबटाने कसं ऐकलं असेल, ते वर्गाला विचारा.

स्मुर्णेच्या पत्रात मरणापर्यंत विश्वासू राहा असं सांगितलंय. इसवी सन १५५च्या सुमारास त्याच स्मुर्णेचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला ख्रिस्ताला शिव्याशाप दे, सोडून देतो, असं सांगण्यात आलं. ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असं तो म्हणाला आणि जाळला गेला. हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कोणाला बोलायला लावू नका.

लावदिकीयेचं कोमट पाणीही असंच. जवळच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी, आणि लावदिकीयेला नळाने आणलेलं, क्षारांनी भरलेलं पाणी. तिथल्या माणसाला कोमट म्हणजे काय ते जिभेवर ठाऊक होतं. अशा गोष्टींनी पुस्तक हाताला लागतं आणि त्याची भीती आपोआप उतरते.

दुसरी सवय वर्गाला पहिल्या दिवसापासून लावा. कोणतंही चित्र आलं की आधी जुन्या करारात शोधायचं. तेराव्या अध्यायातलं श्वापद चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. दानीएलाच्या सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चित्ता असे एकेक करून समुद्रातून वर येतात. योहानाने ते सगळे एका प्राण्यात ओतले, कारण रोममध्ये त्याला मागची सगळी साम्राज्यं एकत्र दिसत होती. पीडा निर्गमातून, मंदिराचं माप यहेज्केलातून, दोन जैतून झाडं जखऱ्यातून. प्रकटीकरणात जुन्या कराराचं एकही वाक्य 'असं लिहिलं आहे' म्हणून उद्धृत केलेलं नाही, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात जुना करार आहे. तुमचा तो तरुण खरोखर हुशार दिसतो. एवढे व्हिडिओ पाहायला चिकाटी लागते. त्याला हे शोधायचं काम द्या, दर शनिवारी पाच संदर्भ, आणि वर्गापुढे उभं राहून सांगायला लावा. त्याची भूक खरी आहे, फक्त ताटात काय वाढलंय ते वाईट आहे.

तुम्ही गणिताच्या आहात, म्हणून दोन गणितं फळ्यावर जरूर सोडवा.

पहिलं ६६६चं. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. नेरोन कैसर हे नाव हिब्रूत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन पद्धतीने नेरो लिहिलं, शेवटचा नून गेला, तर ६१६. आणि खरोखरच काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ सापडतं. हा पुरावा मला वजनदार वाटतो. पण इरेनियस काय करतो तेही सांगा. तो योहानाला सगळ्यात जवळच्या पिढ्यांतला, लहानपणी त्याने पॉलिकार्पला पाहिलं होतं. तो दोन-तीन नावं आकड्याशी जुळवून दाखवतो आणि मग म्हणतो की यातलं कुठलंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते नाव या काळात उघड करायचं असतं, तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच ते सांगितलं असतं. इसवी सन १८०च्या सुमारास एक बिशप एवढा संयम ठेवतो, हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने ऐकायला हवं. त्यानंतर पोपपासून नेपोलियनपर्यंत किती जणांच्या नावांची बेरीज ६६६ करून दाखवली गेली, याला गणती नाही.

दुसरं गणित विल्यम मिलरचं, आणि त्यावर एक पूर्ण शनिवार द्या. न्यूयॉर्क राज्यातला हा बॅप्टिस्ट शेतकरी. १८१६ ते १८१८ ही दोन वर्षं त्याने बायबल आणि शब्दसूची एवढीच समोर ठेवून अभ्यास केला. प्रामाणिक, नम्र, पैशाचा लोभ नसलेला माणूस. दानीएल ८:१४ मध्ये २३०० दिवस आहेत, आणि ते संपले की प्रभू येणार असं त्याने मानलं. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ वरून एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं, असं त्याने ठरवलं. सुरुवात अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. मधे शून्य वर्ष नसतं हे नंतर लक्षात आलं आणि एक वर्ष वाढलं. मार्च १८४४ गेला. मग त्याच्या एका अनुयायाने प्रायश्चित्ताच्या दिवसावरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. मिलर स्वतः ती तारीख मानायला शेवटपर्यंत कचरत होता, आणि ऑक्टोबरात अगदी तोंडावर आल्यावर त्याने ती मानली. लोकांनी दुकानं बंद केली, काही शेतकऱ्यांनी पीक काढलंच नाही. रात्र उलटली. हायरम एडसन नावाच्या एकाने पुढे लिहून ठेवलं की आम्ही पहाट होईपर्यंत रडत होतो.

वर्गाला विचारा, चूक कुठे झाली? सुधारलेल्या वजाबाकीत चूक नाही. ती पहिल्या ओळीत आहे, जिथे दिवसाचं वर्ष झालं आणि सुरुवातीचं टोक निवडलं गेलं. दानीएलाच्या आठव्या अध्यायाचा संदर्भ अनेक अभ्यासक अंतियोख एपिफानेस या राजाशी जोडतात, ज्याने इसवी सनापूर्वी १६७ मध्ये यरुशलेमाचं मंदिर विटाळलं. तारखेच्या प्रत्येक व्हिडिओत हेच होतं. आकडेमोड इतकी चोख दाखवतात की ज्या गृहीतकावर ती उभी आहे त्याकडे कोणी बघत नाही. विद्यार्थ्याला तुम्ही रोज सांगता ना, आधी दिलेलं काय आणि मानलेलं काय ते वेगळं लिहा? तेच इथे लिहायला लावा.

मिलरच्या लोकांची हेटाळणी होऊ देऊ नका. त्या निराशेतून उरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली. पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच, आणि तुमच्या ओळखीतली मुलंही तिथे शिकली असतील. त्यांनी तारखा ठरवणं सोडून दिलं आणि दवाखाने, शाळा काढल्या.

बाकीच्यांची गोष्ट थोडक्यात पुरे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं, पिढी ४० वर्षांची धरली, म्हणून १९८८, असं अमेरिकेतल्या एडगर व्हिसनंट या माजी अभियंत्याने छापलं आणि लाखो प्रती गेल्या. पुढच्या वर्षी त्याने १९८९ सांगितलं. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ प्रचारकाने २१ मे २०११ सांगितलं, मग २१ ऑक्टोबर. त्याच्या श्रोत्यांनी आयुष्यभराची बचत जाहिरातींत घातली होती. मार्च २०१२ मध्ये त्याने तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं आणि त्या दिवसाची व घटकेची कोणालाच माहिती नाही, हे मत्तय २४:३६ मान्य केलं. ज्या वचनाने सुरुवात करायची, त्याच्याशी तो शेवटी आला. स्वतः प्रभू म्हणतो की पुत्रालाही ठाऊक नाही. प्रेषितांनी उत्थानानंतर हाच प्रश्न विचारला, तेव्हा काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही, तुम्ही माझे साक्षी व्हाल, असं उत्तर मिळालं. तुमच्या वर्गात एक नियम ठेवा: तारीख फळ्यावर येणार नाही. आणि ज्या संदेशात तारखेबरोबर पैसे पाठवायचा क्यूआर कोड असेल, तो सरळ पाळकसाहेबांना दाखवा.

युद्धाच्या बातम्यांबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. प्रकटीकरणात देवाच्या लोकांवर चालून येणारे गोग आणि मागोग कोण, याची उत्तरं शतकानुशतकं बदलत आलीत. चौथ्या शतकात बिशप अ‍ॅम्ब्रोजला ते गॉथ वाटले, सोळाव्या शतकात लूथरला तुर्क वाटले, विसाव्या शतकात सगळ्यांना रशिया दिसू लागला. प्रत्येक वेळी कोणीतरी खात्रीने सांगितलं. आज गाझा आणि इस्राएलमधली मेलेली मुलं पाहून 'आलं, आलं, प्रभूचं येणं जवळ आलं' म्हणत आनंदाचे इमोजी टाकलेले संदेश माझ्याही फोनवर येतात आणि मला ते सहन होत नाहीत. बेथलेहेमात आजही ख्रिस्ती कुटुंबं राहतात, ती आपली भावंडं आहेत. यरुशलेमावर येणारं संकट प्रभूने आधीच पाहिलं होतं. ते इसवी सन ७० मध्ये रोमी सेनापती तीताच्या फौजेने खरं केलं. पण ते सांगताना तो रडला, लूक एकोणिसाव्या अध्यायात लिहितो. चिन्हं ओळखण्याचा दावा करणाऱ्याच्या डोळ्यांत ते पाणी नसेल, तर त्याचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गात युद्धाचा विषय निघाला की तिथेच थांबून दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी प्रार्थना घ्या, आणि मगच पुढे जा.

आता तीन मतं. ही भांडणं तुमच्या मंडळीत उगवलेली नाहीत. जस्टिन नावाच्या शहीदाने दुसऱ्या शतकाच्या मध्याला लिहिलं की ख्रिस्त यरुशलेमात हजार वर्षं राज्य करील असं मी मानतो, पण शुद्ध आणि भक्तिमान असे पुष्कळ ख्रिस्ती तसं मानत नाहीत. हे वाक्य तुमच्या वर्गाची शिस्त होऊ द्या. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन आधी जस्टिनच्याच मताचा होता, नंतर त्याने हजार वर्षं म्हणजे मंडळीचाच सध्याचा काळ असं मानलं, आणि पश्चिमेकडच्या मंडळीने शेकडो वर्षं तेच धरलं. सुवार्तेने जग भरेल आणि मग प्रभू येईल, हे तिसरं मत. १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये तुमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे जे लोक आले, त्यांच्या पिढीत त्या मताचा पुष्कळ जोर होता. त्या आशेवर माणसं घरदार सोडून समुद्र ओलांडत होती.

मंडळी आधी गुपचूप उचलली जाईल आणि मग सात वर्षांचं संकट, ही मांडणी आयर्लंडमधल्या जॉन नेल्सन डार्बीने १८३०च्या दशकापासून पसरवली. १९०९ मध्ये आलेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलाने ती घराघरात पोचवली. वचन वर आणि टीप त्याच पानावर खाली. वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटू लागतं. तुमच्या वर्गातल्या वडीलधाऱ्यांनी कापडी तक्त्यावर सात युगं पाहिली असतील, ती इथून आलेली. या मताचे लोक प्रभूची मनापासून वाट पाहतात आणि त्यांचा मान राखायलाच हवा. पण मंडळीने पहिली अठरा शतकं ते या रूपात शिकवलेलं नाही, हेही तुम्ही शांतपणे सांगायला हवं. १ थेस्सलनीकाकरांस ४ मधलं उचललं जाणं मोठ्या आवाजाने आणि कर्ण्याच्या नादात होतं. आणि पौल ते सांगतो ते ज्यांची माणसं वारली होती त्यांच्यासाठी. शेवटी म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा.

मग तुम्ही काय शिकवाल? पहिली गोष्ट, जे आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो ते ठामपणे: प्रभू पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, सार्वकालिक जीवन मिळेल. यात तिन्ही मतांचा एकच आवाज आहे. दुसरी, हजार वर्षांच्या मतांपैकी प्रत्येक मत ते मानणाऱ्याच्याच तोंडून मांडून घ्या. विसावा अध्याय आला की त्या शनिवारी पाळकसाहेबांना बोलवा. तिसरी, तुमचं स्वतःचं मत कोणी विचारलं तर लपवू नका, फक्त 'मला असं वाटतं' हे शब्द मोठ्याने म्हणा. मीही सांगते. माझा कल ऑगस्टिनकडे आहे, आणि माझ्या सर्वांत प्रिय मैत्रिणीचा नाही. आम्ही एकाच पंगतीत प्रभुभोजन घेतो.

मधल्या अध्यायांवर सगळा वेळ घालवू नका. कर्णे आणि वाट्यांची संकटं दोन शनिवारांत होतात. त्याऐवजी चौथा-पाचवा नीट घ्या, कारण पुस्तकाचा गाभा तिथे आहे. सिंह येणार असं सांगितलं जातं आणि योहान पाहतो तर वधलेला कोकरा उभा असतो. पुढच्या सगळ्या लढाया त्या कोकऱ्याकडे पाहूनच वाचायच्या. सहाव्यातला काळा घोडा घ्या: दिवसभराच्या मजुरीला शेरभर गहू, आणि तेल व द्राक्षारस मात्र सुरक्षित. गरिबाच्या ताटातली भाकर महाग होते आणि श्रीमंताच्या मेजाला धक्का लागत नाही. महागाईवर एवढं नेमकं वाचन क्वचितच मिळतं. अठराव्यात बाबेलच्या बाजारातल्या मालाची यादी आहे. ती सोन्यापासून सुरू होते आणि गुरं, मेंढरं, घोडे, गाड्या यांच्या मागे सगळ्यात शेवटी माणसं येतात. ऊसतोडीच्या टोळ्या ज्या जिल्ह्यातून जातात, तिथे ही यादी मोठ्याने वाचायलाच हवी.

मुलीचं उत्तर तुमच्याकडे आहेच. थेस्सलनीकेत काहींनी हाच विचार करून काम सोडलं होतं. पौलाने दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांना सुनावलं: शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. धनी आल्यावर जो दास नेमून दिलेलं काम करताना सापडेल तो धन्य, असं प्रभूने मत्तय २४ मध्ये सांगितलंय. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला यापेक्षा चांगली आज्ञा कुठली? पण हे वचन तिच्या अंगावर फेकू नका. बारावीच्या मुलीच्या या प्रश्नामागे पुष्कळदा परीक्षेचीच भीती दडलेली असते. तिच्याशी आधी त्या भीतीबद्दल बोला, अभ्यासाला तिच्या शेजारी बसा. आणि तो तरुण टाकतो ते व्हिडिओ ती रात्री एकटी पाहते का, तेवढं हळूच विचारा.

शेवटची गोष्ट, व्यवस्थेची. क्लास चालू असताना लहान मुलं मागच्या बाकांवर बसलेली असतात, आईबापांबरोबर आलेली. त्यांना तेरावा अध्याय ऐकू देऊ नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला घरी कोणी नसलं की सगळे उचलले गेले आणि मी राहिलो असं वाटून रडू फुटल्याचं मी अनेक घरांत ऐकलंय. संडेस्कूलच्या एखाद्या ताईला सांगून त्या वेळेत त्यांना बाजूच्या खोलीत एकविसाव्या-बाविसाव्या अध्यायाची चित्रं काढायला द्या. नदी, बारा प्रकारची फळं देणारं झाड, मोत्यांच्या वेशी, रात्र नसलेलं नगर. रंगपेट्या मंडळीच्या फंडातून घ्या.

तुमची,
ताई